पानांचे फोटो काढून थांबू नका: खान्देशातल्या ग्रंथालयांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील सार्वजनिक ग्रंथालयांचे अध्यक्ष, कार्यवाह, कार्यकारी मंडळाचे सदस्य आणि ग्रंथपाल यांस,

सविनय नमस्कार.

ग्रंथालयांच्या विषयपत्रिकेवर 'डिजिटायझेशन' हा विषय आता नवा राहिलेला नाही. दरपत्रके मागवली जातात, प्रतिपान दर ठरतो, पुस्तकांचे गठ्ठे जातात, परत येतात आणि शेवटी ग्रंथालयाच्या हाती एक हार्ड डिस्क पडते. तिच्यात पीडीएफ असतात आणि त्या पीडीएफमध्ये पानांचे फोटो असतात. मी सॉफ्टवेअर लिहिण्याचे काम करतो आणि मराठी पुस्तके वाचतो. या दोन्ही बाजूंनी मला एकच मागणी करायची आहे. पुस्तक वाचकाच्या फोनवर नीट उघडावे, त्यात हवा तो शब्द शोधता यावा, डोळ्यांनी दिसत नाही त्यालाही ते ऐकता यावे, यासाठी त्या फोटोंचा मजकूर झाला पाहिजे, आणि ही अट कराराच्या पहिल्या कागदावर आली पाहिजे. नंतर करू म्हटले की ते राहते. नंतर पैसा उरलेला नसतो आणि पुस्तकही तोवर आणखी जीर्ण झालेले असते.

फरक किती पडतो, याचा हिशेब सोपा आहे. डेमी आकाराचे पान साडेआठ इंच उंच आणि साडेपाच इंच रुंद. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, स्कॅन केले की ते २५५० बाय १६५० पिक्सेलचे होते, म्हणजे रंगीत मूळ प्रत साडेबारा एमबीची. २०० पानांचे पुस्तक अडीच जीबी. दाबून पीडीएफ केली तरी ६० ते ८० एमबी. त्याच पुस्तकात शब्द असतात साधारण साठ हजार. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, तरी सगळा मजकूर एक-सव्वा एमबीत बसतो, आणि ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, केले की अर्ध्या एमबीच्या आत येतो. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या एखाद्या पाड्यावर, जिथे नेटवर्कसाठी टेकाडावर जावे लागते, तिथल्या मुलाला अर्धा एमबी मिळू शकतो. ऐंशी एमबी मिळत नाही.

मिळाली तरी ती पीडीएफ सहा इंची पडद्यावर वाचवत नाही. डेमी पान पडद्यावर बसवले की अक्षर मुंगीएवढे होते. मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला बोटाने डावीकडे-उजवीकडे सरकावे लागते. चार पानांनंतर वाचक ते बंद करतो, आणि लोक म्हणतात की मुले वाचत नाहीत. ईपबमध्ये मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे वाहतो. साठीच्या वाचकाने अक्षर मोठे केले तरी ओळ तुटत नाही. अँड्रॉइड फोनमधला टॉकबॅक तो मजकूर मराठीत वाचून दाखवतो. पानाच्या फोटोपुढे टॉकबॅक अडखळतो.

आता आधी कोणती पुस्तके घ्यायची, हा प्रश्न. ज्या पुस्तकांच्या आवृत्त्या पुण्या-मुंबईचे प्रकाशक अजून काढतात, त्यांच्यावर आपला पैसा घालू नये. ती कुठून ना कुठून मिळतील. आपल्याकडचा जो ऐवज दुसरे कोणी करणार नाही, तो आधी घ्यावा: अहिराणी, लेवा गणबोली, भिली आणि पावरी बोलींचे छोटे संग्रह, गावांच्या आणि शाळांच्या स्मरणिका, तालुक्याच्या गावाहून निघालेले आणि बंद पडलेले दिवाळी अंक, स्वातंत्र्यलढ्यातल्या कार्यकर्त्यांनी स्वखर्चाने छापलेल्या आठवणी, धरणगाव-अमळनेरच्या छापखान्यांतून आलेल्या कवितांच्या वह्या. अशा पुस्तकाची एखादीच प्रत कपाटात असते आणि ती वाळवी किंवा गळके छप्पर यांच्या कृपेवर असते. बाडे, पोथ्या आणि मोडी कागदपत्रे हा वेगळा विषय आहे. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर यांच्यामुळे तो ऐवज जपला गेला आहे. त्याला ६०० डीपीआयचा रंगीत फोटो आणि नीट सूची पुरे. त्यातून मजकूर काढणे हे जाणकार वाचकाचेच काम आहे.

निवडीला कायद्याची चाळणी लागते. लेखक वारल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे कॉपीराइट चालतो. म्हणजे १९६५ साली वारलेल्या लेखकांचे लेखन १ जानेवारी २०२६ ला मोकळे झाले. बालकवी (१९१८), राजवाडे (१९२६), साने गुरुजी (१९५०) केव्हाच मोकळे आहेत. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम छापलेल्या लेखनाला मात्र प्रकाशनापासून ६० वर्षे मोजतात. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, संग्रह १९५२ साली आला, म्हणून त्यांची गाणी २०१३ पासून मोकळी. पण त्याच संग्रहाची प्रस्तावना आचार्य अत्र्यांची आहे आणि अत्रे १९६९ साली वारले, त्यामुळे ती २०२९ अखेरपर्यंत मोकळी होत नाही. एकाच पुस्तकात असे दोन हिशेब असतात. अनुवाद असेल तर अनुवादकाचे वर्षही पाहावे, चित्रे असतील तर चित्रकाराचेही. नाव नसलेल्या स्मरणिकेतल्या लेखांना प्रकाशनापासून ६० वर्षे धरावीत.

जे मोकळे नाही तेही स्कॅन करता येते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये स्पष्ट सवलत आहे: नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे पुस्तकाची छापील प्रत असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवता येते. ती लोकांना वाटता येत नाही, एवढेच. त्याच कलमात अंध आणि अपंग वाचकांसाठी सुलभ प्रत करण्याचीही मुभा आहे. ही मुभा आपल्याकडे फार थोडी ग्रंथालये वापरतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. आणि हयात लेखकाला किंवा वारसांना एक साधे संमतिपत्र पाठवले तर स्थानिक लेखक बहुधा नाही म्हणत नाहीत.

स्कॅनिंगसाठी पुस्तक बाहेर पाठवू नये, असे माझे मत आहे. सुटी पाने ओढून घेणाऱ्या यंत्रासाठी पुस्तकाची शिवण कापतात आणि मग ते पुस्तक उरत नाही. शिवण कापण्यास मनाई, ही अट लेखी हवी. काचेवर पालथे घालायच्या स्कॅनरमध्येही जुन्या पुस्तकाची पाठ मोडते. आपल्या वाचनकक्षात, एका टेबलावर हे काम होते. लागते काय, तर उभा स्टँड, त्याला खाली तोंड करून लावलेला कॅमेरा, दोन बाजूंनी ४५ अंशांत येणारे दोन सारख्याच रंगाचे एलईडी दिवे, पुस्तक साधारण १०० अंशांपर्यंतच उघडे राहील अशी इंग्रजी व्ही आकाराची लाकडी घडवंची आणि पान सपाट धरायला पारदर्शक ॲक्रिलिकचा तुकडा. घडवंची गावातला सुतार करून देतो. तालुक्यात एक संच झाला आणि तो ड वर्गाच्या, म्हणजे सर्वांत लहान, ग्रंथालयांनी आळीपाळीने वापरला तरी चालतो.

बारा मेगापिक्सेलचा कॅमेरा ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो देतो. त्यात एकच डेमी पान घेतले तर कडेची जागा सोडूनही ४०० डीपीआय मिळतात. घाईसाठी दोन पाने एकत्र घेतली तर जेमतेम ३०० उरतात, आणि शिवणीजवळची अक्षरे वळणात अडकून वाकडी येतात. एका वेळी एक पान घ्या. फ्लॅश बंद, झूम कायम, प्रकाशाची मापे हाताने ठरवून कुलूपबंद. खिडकीचा पडदा ओढलेला हवा, नाहीतर सकाळच्या आणि दुपारच्या पानांचा रंग वेगळा दिसतो. छताचा पंखा बंद ठेवावा लागतो, कारण पान हलते. म्हणून हे काम दिवाळीनंतर धरावे आणि होळीपर्यंत संपवावे. आपल्याकडच्या मे महिन्यात पंखा बंद करून कोणी बसू शकत नाही आणि कोरड्या हवेत जुना पिवळा कागद घडीवर मोडतो. पावसाळ्यात पाने एकमेकांना चिकटतात.

पहिल्या फोटोत पुस्तकाशेजारी मोजपट्टी ठेवा, म्हणजे पुढे पानाचा खरा आकार काढता येतो. मुखपृष्ठ, मलपृष्ठ, कोरी पाने, जाहिराती, ग्रंथालयाचे शिक्के, सगळे घ्या. सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे दोन पाने एकदम उलटली जाणे. एकाने पान उलटावे, दुसऱ्याने पृष्ठांक मोठ्याने म्हणावा. पुस्तक संपले की फोटोंची संख्या आणि पानांची संख्या जुळल्याशिवाय पुस्तक कपाटात परत जाऊ देऊ नये. फाइलला नाव द्यायचे ते दाखल क्रमांक आणि पानाचा चारअंकी क्रमांक असे. कॅमेऱ्याने दिलेले नाव ठेवले तर दोन महिन्यांनी कोणते पान कोणत्या पुस्तकाचे, हे कोणालाच सांगता येत नाही.

फोटोंची सफाई स्कॅन टेलर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये होते: पान सरळ करणे, कडा कापणे, पार्श्वभूमी स्वच्छ करणे. इथे एक मोह टाळावा. पान पांढरेशुभ्र आणि अक्षर काळे कुळकुळीत दिसावे म्हणून काळ्या-पांढऱ्यात रूपांतर करतात, त्यात अनुस्वार उडतात. छापील अनुस्वाराचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. १५० डीपीआयमध्ये तो दोन-तीन पिक्सेलचा राहतो आणि डाग समजून पुसला जातो. उलट मागच्या पानाची शाई झिरपली असेल तर तिचा ठिपका अनुस्वार म्हणून वाचला जातो. मूळ रंगीत प्रत कधीही खोडू नका. सफाई नेहमी नकलेवर.

मग अक्षरओळख, म्हणजे ओसीआर. टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्याचा मराठीचा संच मिळतो. त्याचे 'फास्ट', 'बेस्ट' असे प्रकार असतात. आपल्याला वेग नको, म्हणून 'बेस्ट' घ्यावा. एकेक पान गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडले तरी मजकूर निघतो, आणि जुन्या खिळ्यांच्या छपाईवर अनेकदा बराच चांगला निघतो. पण कोणतेही साधन वापरा, घ आणि ध, म आणि भ, थ आणि य, ष आणि प, व आणि ब यांची गल्लत होणारच. झिजलेल्या खिळ्यांमुळे शिरोरेघ तुटली असेल तर एका शब्दाचे दोन शब्द होतात. रफार हरवतो. दोन स्तंभांची स्मरणिका असेल तर डावी-उजवी ओळ एकत्र होऊन निरर्थक वाक्य तयार होते. तिथे स्तंभ आधी वेगळे करावे लागतात.

विक्रेता सांगतो, अचूकता ९८ टक्के. ऐकायला पुष्कळ वाटते. पानावर ३०० शब्द, म्हणजे साधारण १,८०० चिन्हे. त्याचे दोन टक्के म्हणजे पानागणिक ३६ चुका, २०० पानांच्या पुस्तकात ७,२०० चुका. असे पुस्तक कोणी वाचणार नाही. म्हणून खरा खर्च मुद्रितशोधनाचा आहे आणि अंदाजपत्रकात नेमका तोच नसतो. सराव झालेल्या माणसाला एका पानाला दहा-बारा मिनिटे लागतात. म्हणजे २०० पानांच्या पुस्तकाला तेहेतीस ते चाळीस तास, आणि दुसऱ्या माणसाने तपासायचे ते निराळे. हा आकडा सभेत मोठ्याने वाचून दाखवावा, म्हणजे 'वर्षात हजार पुस्तके' असले ठराव होणार नाहीत. नीट झालेली वीस पुस्तके मला जास्त मोलाची वाटतात.

हे काम करण्याची एक तयार जागा आहे: मराठी विकिस्रोत, म्हणजे विकिपीडियाच्या परिवारातले खुले ग्रंथालय. तिथे एका बाजूला पानाचा फोटो आणि दुसऱ्या बाजूला मजकूर दिसतो. न तपासलेले पान लाल, एकाने तपासले की पिवळे, दुसऱ्याने प्रमाणित केले की हिरवे. कोणत्या सदस्याने काय बदलले, त्याची नोंद राहते. मोकळ्या झालेल्या पुस्तकांसाठी याहून चांगली सोय मला माहीत नाही. अमळनेर, चोपडा, शिरपूर, शहादा इथल्या महाविद्यालयांतल्या मराठी विभागांना आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना सोबत घ्या. आठवड्याला दहा पाने हे एका विद्यार्थ्याला झेपणारे काम आहे, आणि ते करताना पुस्तक वाचून होते.

तपासणाऱ्याला एक नियम घालून द्यावा लागतो: जसे छापले आहे तसेच ठेवा. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांत 'नाहीं', 'असें', 'कां', 'घरांतील' असे लिहिलेले असते. ते सुधारू नका. ती त्या काळाची मराठी आहे. 'नाही' शोधणाऱ्याला 'नाहीं'ही सापडावे, ही जबाबदारी शोधयंत्राची: शोधसूचीत अनुस्वार गाळून जुळवणी करता येते, मूळ मजकुराला हात लावावा लागत नाही. बोलीच्या बाबतीत तर मी हात जोडून सांगतो. टेसरॅक्टमध्ये अहिराणीचा वेगळा संच नाही. मराठीचा संच लावला की तो ओळखीच्या मराठी शब्दाकडे ओढला जातो, आणि त्यावर फोनचा कीबोर्ड आपली सुधारणा करतो. 'मानूस'चा 'माणूस' होतो, 'डोया'चा 'डोळा' होतो, आणि ज्यासाठी ते पुस्तक जपायचे तीच गोष्ट पुसली जाते. बोलीतल्या पुस्तकांसाठी स्वयंसुधारणा बंद ठेवा आणि ती बोली घरात बोलणाराच तपासनीस बसवा. जमले तर त्याने ती पुस्तके मोठ्याने वाचावीत. कानाला खटकते ते डोळ्यातून सुटलेले असते.

आता स्मरणिका आणि दिवाळी अंकांविषयी एक तातडीची गोष्ट. १९९० नंतरचे बरेचसे साहित्य संगणकावरच जुळवलेले आहे. ते स्कॅन करण्याआधी छापखान्याला विचारा. पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरच्या फाइली जुन्या सीडीवर किंवा कोपऱ्यातल्या संगणकात असू शकतात, आणि तो संगणक यंदा भंगारात गेला तर त्या गेल्याच. या फाइली श्री-लिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टमधल्या असतात. त्यांत देवनागरीचे चित्र इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेले असते, म्हणून तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. त्यांचे युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणारा मजकूर, करणारी परिवर्तके मिळतात. फॉन्टचे नेमके नाव आणि आवृत्ती माहीत असेल तरच ती नीट चालतात, म्हणून सीडीबरोबर ते लिहून घ्या. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी आधी टाइप होते आणि रफार अक्षरानंतर. परिवर्तकाने क्रम बदलला नाही तर 'विचार'चा 'िवचार' होतो आणि 'मार्ग'चा 'मागर्'. या दोन खुणा दिसल्या की काम परत पाठवायचे. जमलेले रूपांतर मात्र स्कॅन आणि ओसीआरपेक्षा कितीतरी अचूक असते, कारण त्यात ओळखण्याची चूकच होत नाही.

युनिकोड आले म्हणजे सगळे मिटले, असेही नाही. 'दुसऱ्या' आणि 'दुसर्‍या' हे दोन शब्द पडद्यावर सारखे दिसतात, पण पहिल्यात ऱ हे स्वतंत्र चिन्ह आहे आणि दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. एक टाइप करून शोधले तर दुसरे सापडत नाही. 'ॲ'चेही तसेच. हे चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्याआधीच्या मजकुरात 'अ'वर चंद्र देऊन ते केलेले असते. 'दुःख'मधला विसर्ग अनेकजण कोलनने टाइप करतात. या तिन्ही गोष्टी एका छोट्या प्रोग्रामने सगळ्या पुस्तकांत एकसारख्या करता येतात; कोणताही चांगला संगणकशास्त्राचा विद्यार्थी तो एका दुपारी लिहील. फक्त कोणते रूप प्रमाण मानायचे, हे तिन्ही जिल्ह्यांनी मिळून एकदा ठरवावे.

ईपब करायला सिजिल किंवा कॅलिबर हे सॉफ्टवेअर पुरेसे आहे. प्रत्येक प्रकरण वेगळे, अनुक्रमणिका जोडलेली, तळटीपा दुव्यांनी बांधलेल्या. ओव्या आणि कविता यांच्या ओळी मोडता कामा नयेत. दोन ओळींतले अंतर अक्षराच्या १.६ पट ठेवा; वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांत घुसत नाहीत. मजकूर दोन्ही कडांना ताणू नका, कारण अरुंद पडद्यावर मराठीच्या लांब शब्दांमुळे मध्ये खिंडारे पडतात. मूळ पुस्तकाचे पृष्ठांक आत नोंदवून ठेवा, म्हणजे विद्यापीठातला संशोधक संदर्भ देऊ शकेल. आणि भाषेचा संकेत भरायला विसरू नका. तो रिकामा किंवा इंग्रजीचा असला तर बोलणारा फोन मराठी पुस्तकाला चुकीचा आवाज लावतो. भाषा मराठी अशी नोंदवली की ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तो मराठी वळणाचे ल आणि श दाखवतो. अहिराणीला आयएसओ ६३९-३ या मानकात 'एएचआर' हा स्वतःचा संकेत आहे. तो वापरला की ते पुस्तक जगाच्या सूचीत अहिराणी म्हणून नोंदले जाते.

सूचीत स्थळांची नावे सांभाळा. १९०६ साली खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, नंदुरबार १९९८ साली धुळ्यातून वेगळा झाला. जुन्या पुस्तकावर 'पूर्व खानदेश' छापलेले असेल तर ते तसेच नोंदवा आणि शेजारच्या रकान्यात 'जळगाव' लिहा. खान्देश आणि खानदेश ही दोन्ही रूपे शोधसूचीत हवीत. ई-ग्रंथालय हे सूचीचे सॉफ्टवेअर वापरत असाल तर डिजिटल प्रतीचा पत्ता त्याच नोंदीत जोडा, नवी यादी करत बसू नका.

साठवणुकीला तीन प्रती: एक ग्रंथालयात, एक वेगळ्या प्रकारच्या साधनावर, एक दुसऱ्या गावात. जळगावने धुळ्याची प्रत सांभाळावी, धुळ्याने नंदुरबारची, नंदुरबारने जळगावची. डीव्हीडी आणि पेनड्राइव्ह यांवर विसंबू नये, आपल्या उन्हाळ्यात तर नाहीच. प्रत्येक फाइलचा शा-२५६ बेरीजठसा, म्हणजे फाइलवरून संगणकाने काढलेली आकड्या-अक्षरांची खूण, काढून ठेवा आणि वर्षातून एकदा तो पुन्हा जुळवून पाहा. एक बिट जरी बदलला तरी कळते. मोकळी पुस्तके इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहावरही चढवा. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचे मूळ संकेतस्थळ बंद पडले, तरी तिथली असंख्य मराठी पुस्तके आज वाचायला मिळतात ती आर्काइव्हवर नकला होत्या म्हणून. त्या पुस्तकांत गळलेली पाने आणि रोमन लिपीत वाटेल तशी लिहिलेली नावे आहेत, त्यावरून काय टाळायचे तेही शिकता येते.

करार करताना 'ग्रंथालयाचे स्वतंत्र ॲप' या कलमापासून दूर राहा. ॲप दरवर्षी नव्या अँड्रॉइडसाठी अद्ययावत करावे लागते. केले नाही तर प्ले स्टोअर ते नव्या फोनना दाखवणे थांबवते. पुस्तके त्या ॲपच्या आत कुलूपबंद असली तर विक्रेता गेला की पुस्तकेही गेली. ॲपऐवजी मागा ते असे: मूळ रंगीत फोटो, यूटीएफ-८ मजकूर, ईपब, शोधता येणारी पीडीएफ आणि बेरीजठशांची यादी. सर्व हक्क ग्रंथालयाचे, कोणत्याही फाइलला कुलूप नाही. शेवटचा ४० टक्के हप्ता तपासणीनंतर.

ती तपासणी सभेतला कोणताही सदस्य करू शकतो. कोणतेही पुस्तक आपल्या फोनवर उघडावे आणि मधल्या पानावरचा परिच्छेद निवडून व्हॉट्सॲपवर शेजाऱ्याला पाठवावा. तिकडे तो जसाच्या तसा वाचता आला पाहिजे. मग छापील प्रतीतल्या एखाद्या पानावरचा रफार आणि 'ऱ्या' असलेला शब्द शोधून पाहावा. शेवटी टॉकबॅक सुरू करून डोळे मिटून एक पान ऐकावे. याशिवाय प्रत्येक पुस्तकातली कोणतीही वीस पाने छापील प्रतीशी अक्षरन् अक्षर ताडून पाहा. पानामागे एकापेक्षा जास्त चूक निघाली तर पुस्तक परत.

वाचकांपर्यंत पोहोचवायला इंटरनेट लागतेच असे नाही. एक जुना संगणक, त्यावर कॅलिबरचा सर्व्हर, आणि एक साधा वायफाय राउटर. वाचक वाचनकक्षात येतो, वायफायला जोडतो, फोनवर दिलेला पत्ता उघडतो आणि मोकळी पुस्तके उतरवून घेतो. वीज गेली तर राउटर छोट्या बॅटरीवर काही तास चालतो, मात्र संगणकालाही बॅटरी हवी. फिरत्या ग्रंथालयाच्या गाडीतही हेच बसते, आणि सातपुड्यातल्या आश्रमशाळांना महिन्यातून एक फेरी झाली तरी तिथल्या फोनांत पन्नास पुस्तके पडतात. फोनातून फोनात ती पुढे मुलेच नेतात.

पुढच्या सभेत आपण एकच ठराव करावा, अशी विनंती आहे. आपल्या कपाटातले, खान्देशात छापलेले, मोकळे झालेले आणि दुसरीकडे कुठे न मिळणारे एक शंभरेक पानांचे पुस्तक निवडा. या पत्रातले सगळे टप्पे त्या एका पुस्तकावर करा. प्रत्येक टप्प्याला किती तास आणि किती रुपये लागले, ते दाखल रजिस्टरसारख्या वहीत लिहा. ती वही तिन्ही जिल्ह्यांतल्या ग्रंथालयांना पाठवा. दरपत्रके त्यानंतर मागवावीत. संगणकाच्या बाजूने जी मदत लागेल, म्हणजे परिवर्तक चालवणे, शोधसूची, ईपबची तपासणी, ती विनामूल्य करायला माझ्यासारखे सॉफ्टवेअरवाले जळगाव-धुळ्यात आहेत आणि पुण्याला गेलेलेही आहेत. निरोप पोहोचला की ते येतील.

कळावे,

आपला,
खान्देशातील एक वाचक आणि सॉफ्टवेअर डेव्हलपर